सेसिल हेपवर्थ : विकलं ते टिकलं



आजचा विषय आहे सेसिल हेपवर्थ. मूकपटांच्या अगदी पहिल्या काळातला हा इंग्रज निर्माता. मराठी भाषणमालेत हा इंग्रज गृहस्थ कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल, तर त्याचं उत्तर आधी देतो.

फेब्रुवारी १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला पोचले. सिनेमा काढायचा हे ठरलेलं होतं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले होते. लंडनमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. ते थेट 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि संपादक केबर्न यांना भेटले. केबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सुचवलं. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडताहेत, मग हिंदुस्थानात कसं जमणार, असा त्यांचा मुद्दा होता. फाळके मागे हटत नाहीत असं दिसल्यावर मात्र त्यांनी यंत्रसामग्री घ्यायला मदत केली आणि एका स्टुडिओची ओळख करून दिली. तो स्टुडिओ लंडनजवळ वॉल्टन-ऑन-थेम्सला होता, आणि मालकाचं नाव होतं सेसिल हेपवर्थ. हेपवर्थनी या अनोळखी पाहुण्याला स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले. एप्रिलमध्ये फाळके परत आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आपल्याकडे ही भेट एका वाक्यात सांगून पुढे जातात. आज आपण त्या वाक्यातल्या दुसऱ्या माणसाकडे बघू.

हेपवर्थ यांचा जन्म १८७४ चा, लंडनच्या लॅम्बेथ भागातला. म्हणजे फाळक्यांपेक्षा ते चार वर्षांनी लहान. वडील टी. सी. हेपवर्थ मॅजिक लँटर्नवर व्याख्यानं देत गावोगाव फिरायचे. मॅजिक लँटर्न म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडात मोठी करून पडद्यावर दाखवणारं यंत्र. कल्याणच्या पटवर्धनांनी आपल्याकडे त्याला 'शांबरिक खरोलिका' असं भारदस्त नाव दिलं होतं. पोरगा वडिलांबरोबर हिंडला आणि दिवा, भिंग, पडदा आणि समोरचे प्रेक्षक या चारही गोष्टी लहानपणीच शिकला.

१८९६ मध्ये लंडनमध्ये हलती चित्रं आली. हेपवर्थनी प्रोजेक्टरसाठी कामी येणारा एक आर्क दिवा बनवला होता. ते दिवे त्यांनी रॉबर्ट पॉल या दुसऱ्या इंग्रज पायोनियरला विकले. बर्ट एकर्स यांच्याकडे मदतनीस म्हणून काम केलं. १८९७ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी 'ॲनिमेटेड फोटोग्राफी' हे पुस्तक लिहिलं. सिनेमाच्या तंत्रावरच्या जगातल्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

याच काळात ते चार-दोन फिल्मचे तुकडे घेऊन गावोगावी खेळ करत. त्यांनी स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. एका चर्चच्या सभागृहात खेळ होता. यादीत एका नर्तकीच्या नाचाची फिल्म होती. पाद्रीबुवा म्हणाले, आमच्या लोकांसमोर हे चालणार नाही. फिल्म वगळावी, तर हाताशी माल आधीच थोडा. मग हेपवर्थनी फिल्म तीच ठेवली आणि नाव बदलून 'हेरोद राजासमोर सलोमीचं नृत्य' असं केलं. बायबलमधलाच प्रसंग! खेळ पार पडला. सेन्सॉरशी तडजोड करायची कला सेन्सॉर बोर्डापेक्षा जुनी आहे, ती अशी.

पुढे वॉरिक ट्रेडिंग कंपनीत त्यांनी फिल्म धुण्याच्या कामात सुधारणा केली. तोवर फिल्मचे लहान तुकडे हाताने धूत असत. हेपवर्थनी लांबलचक फिल्म सलग पुढे सरकत धुतली जाईल असं यंत्र बनवून त्याचं पेटंट घेतलं. ती नोकरी सुटली तेव्हा त्यांनी माँटी विक्स या नात्यातल्या भावाला बरोबर घेतलं आणि १८९९ मध्ये वॉल्टनला एक छोटं घर भाड्यानं घेतलं. कंपनीचं नाव दोघांच्या आडनावांतून तयार झालं : हेपविक्स. सुरुवातीला धंदा होता फिल्म धुऊन छापून देण्याचा. मग लक्षात आलं की दुसऱ्यांच्या फिल्म धुण्यापेक्षा आपल्याच का काढू नयेत? घराच्या मागच्या अंगणात फळ्यांचं एक व्यासपीठ बांधलं, उघड्यावर. ऊन असेल तेव्हा चित्रीकरण, पाऊस आला की सामान आत. इंग्लंडचं हवामान तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या अंगणातून काय बाहेर पडलं ते बघा. १९०० सालची एक फिल्म आहे, मोटारीखाली सापडल्यावर कसं वाटतं ते दाखवणारी. कॅमेरा रस्त्यावर ठेवलाय. एक घोडागाडी बाजूनं निघून जाते. मागून मोटार येते, सरळ आपल्या अंगावर. पडदा काळा होतो, त्यावर क्षणभर अक्षरं चमकतात आणि संपलं. अख्खी फिल्म एका मिनिटाच्या आतली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या फिल्ममध्ये चाललेल्या मोटारीचा स्फोट होतो. एक पोलीस येतो, दुर्बीण काढून आकाशात बघतो, आणि थोड्या वेळानं वरून माणसांचे हातपाय पडायला लागतात. पोलीस शांतपणे ते गोळा करून कोणाचं काय ते लावायला बसतो. कॅमेरा थांबवायचा, माणसांच्या जागी बाहुल्यांचे अवयव ठेवायचे आणि पुन्हा सुरू करायचा, एवढीच करामत. पण त्या पोलिसाच्या निर्विकारपणाला आजही हसू येतं.

१९०१ च्या फेब्रुवारीत राणी व्हिक्टोरियाची अंत्ययात्रा निघाली. हेपवर्थ रस्त्याच्या कडेला कॅमेरा लावून उभे होते. कॅमेरा नवा होता आणि फिरवताना खडखडाट करायचा. त्या गंभीर शांततेत तो आवाज घुमला. नवा राजा सातवा एडवर्ड घोड्यावरून चालला होता, त्याचं लक्ष गेलं. हेपवर्थ लिहितात, आपल्याला वाटलं आता धरणी दुभंगावी. पण राजानं मिरवणूक क्षणभर थांबवली, जेणेकरून चित्रण नीट व्हावं. हे त्यांच्या आत्मचरित्रातलं आहे, तेव्हा थोडं मीठमसाल्यासह घ्या. पण ती फिल्म आजही पाहता येते.

१९०३ मध्ये त्यांनी पर्सी स्टो यांच्यासोबत 'ॲलिस इन वंडरलँड' काढला. या पुस्तकावरचा हा जगातला पहिला सिनेमा. लांबी सुमारे बारा मिनिटं. त्यावेळी इंग्लंडमध्ये एवढा लांब सिनेमा कोणी काढला नव्हता. ॲलिस झाली मे क्लार्क, ही स्टुडिओत इतर कामंही करणारी मुलगी. बेडूक-चोपदार झाले स्वतः हेपवर्थ, त्यांच्या पत्नीनंही भूमिका केली, आणि चेशर मांजर म्हणून घरचीच मांजर होती.

आता त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाकडे येतो. 'रेस्क्यूड बाय रोव्हर', साल १९०५. इथे जरा थांबू या.

गोष्ट साधी आहे. दाई बाळाला बाबागाडीतून फिरायला नेते. एक भिकारीण हात पसरते, दाई तिला झिडकारते. पुढे दाई एका सैनिकाशी गप्पा मारण्यात गुंगते आणि मागून ती भिकारीण बाळ उचलून नेते. दाई रडत घरी येते आणि आईला सांगते. हे सगळं घरचा कुत्रा ऐकत असतो. तो खिडकीतून उडी मारून सुटतो. रस्ता, कोपरा, नदी, गरीब वस्तीतल्या घरांची रांग. एकेक दार हुंगत तो बरोबर त्या माळ्यावर पोचतो. बाळ सापडतं, पण ती बाई त्याला हाकलते. कुत्रा तसाच मागे धावतो, मालकाला ओढून आणतो. शेवटी बाळ घरी.

कथा हेपवर्थ यांच्या पत्नी मार्गारेट यांची. आईचं काम त्यांचं, वडिलांचं काम हेपवर्थ यांचं. बाळ म्हणजे त्यांची मुलगी बार्बरा आणि कुत्रा घरचाच, खरं नाव ब्लेअर. दिग्दर्शक लेविन फिट्झहॅमन. पैसे देऊन आणलेले व्यावसायिक नट फक्त दोन, प्रत्येकी अर्धा गिनी, तीही प्रवासखर्चासकट. सिनेमाचा एकूण खर्च नोंदवलेला आहे : ७ पौंड १३ शिलिंग ९ पेन्स.

या सिनेमात एकही पाटी नाही. तरी काय चाललंय ते कोणालाही कळतं. ते का, हे नीट बघा. कुत्रा घरातून निघतो तेव्हा प्रत्येक दृश्यात एकाच दिशेनं धावतो. परत येताना तीच ठिकाणं उलट्या क्रमानं येतात आणि तो उलट्या दिशेनं धावतो. तिसऱ्यांदा मालकासह जातो तेव्हा पुन्हा पहिली दिशा. त्यामुळे प्रेक्षकाला रस्ता पाठ होतो. वेगवेगळ्या जागी घेतलेले तुकडे जोडून सलग एक प्रवास डोक्यात तयार होतो. आज मोबाइलवर व्हिडिओ कापणाऱ्या मुलाला हे उपजत येतं असं वाटतं. पण हे कोणीतरी पहिल्यांदा शोधावं लागलं. अमेरिकेत ग्रिफिथ यांनी दिग्दर्शन सुरू केलं १९०८ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी वॉल्टनमध्ये एक कुत्रा बरोबर दिशेनं धावत होता.

आता धंद्याचा भाग, कारण आजच्या भाषणाचा खरा धागा तिथे आहे. त्या काळी सिनेमाच्या प्रती भाड्यानं देत नसत, थेट विकत असत, कापडासारख्या फुटावर. फिरत्या खेळवाल्यानं प्रत विकत घेतली की ती त्याची. झिजेपर्यंत दाखव, मग दुसऱ्याला विक, नाहीतर माळ्यावर टाक. 'रोव्हर'च्या एका प्रतीच्या किमतीत सगळा निर्मितीखर्च भरून निघत होता, आणि प्रती विकल्या गेल्या ३९५. मूळ निगेटिव्ह इतक्या वेळा छापली गेली की ती झिजली. मग तोच सिनेमा पुन्हा जसाच्या तसा काढला. तीही निगेटिव्ह झिजली. मग तिसऱ्यांदा काढला. साडेसात पौंडांचा घरगुती सिनेमा, आणि मागणी अशी की तीनदा काढावा लागला.

पुढची सात-आठ वर्षं मी पटकन सांगतो. विजेच्या दिव्यांवर चालणारा बंदिस्त स्टुडिओ उभा राहिला. १९१० च्या सुमारास 'व्हिवाफोन' आला. त्यात आधी ग्रामोफोनची तबकडी वाजवायची, नटानं तिच्यावर ओठ हलवायचे आणि थिएटरात तबकडी आणि फिल्म एकत्र चालवायची. म्हणजे आपला प्लेबॅक, बोलपट यायच्या कितीतरी आधी. अल्मा टेलर आणि क्रिसी व्हाइट या दोन मुली 'टिली' नावाच्या खोडकर पोरींच्या मालिकेतून पुढे आल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या तारका झाल्या. १९१३ मध्ये डिकन्सचा 'डेव्हिड कॉपरफील्ड' आणि नामवंत रंगभूमी नट फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा 'हॅम्लेट' असे मोठे चित्रपट वॉल्टनमध्ये तयार झाले. फाळके १९१२ मध्ये तिथे गेले, तो काळ हा. फाळक्यांनी पाहिला तो भरात असलेला कारखाना होता.

त्या भेटीत ते काय शिकले असतील? तंत्राची पुस्तकी माहिती त्यांच्याकडे होती. फोटोग्राफी, छपाई, ब्लॉक बनवणं हे ते आयुष्यभर करत आले होते. लंडनमध्ये त्यांनी कॅमेरा घेतला तो विल्यमसन कंपनीचा, म्हणजे जेम्स विल्यमसन या दुसऱ्या इंग्रज पायोनियरच्या नावाचा. पण भोकं पाडणं, चित्रीकरण, धुणं, छापणं, जोडणं ही सगळी साखळी एका छपराखाली चालताना बघणं वेगळंच. मुंबईला परतल्यावर त्यांनी ती साखळी घरातच मांडली. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, माणसांचा स्वयंपाकही बघत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. हेपवर्थ यांचं घर आणि फाळके यांचं घर शेजारी ठेवून बघा. बायको, मुलं, अंगण, एकच माणूस यंत्रही जाणणारा आणि गोष्टही सांगणारा. दोघांचं एकमेकांशी जमलं असेल, तर नवल नाही.

आणि दोघांचं पुढे काय झालं, तेही एकमेकांसारखंच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सिनेमा घरगुती उद्योग राहिला नाही. अमेरिकन चित्रपटांनी ब्रिटिश थिएटरं भरून गेली. तिकडचे चित्रपट त्यांच्याच देशात खर्च वसूल करून येत, त्यामुळे इथे स्वस्तात देणं परवडे. शिवाय एक चांगला चित्रपट हवा असेल, तर बरोबर बाकीचे दहा आधीच आरक्षित करा, अशी पद्धत होती. इंग्रज निर्मात्याला पडदाच मिळेना. संसदेनं ब्रिटिश चित्रपटांसाठी कोटा ठरवणारा कायदा केला तो १९२७ मध्ये, आणि तोवर हेपवर्थ बुडाले होते.

सगळा दोष अमेरिकेवर टाकून चालणार नाही. हेपवर्थ यांची शैली थांबली होती. त्यांना एका दृश्यावरून दुसऱ्यावर झटकन कापणं आवडत नसे. दृश्य हळूहळू मावळावं आणि दुसरं हळूहळू उजळावं, असा त्यांचा आग्रह. चौकटी सुंदर, इंग्लंडचा निसर्ग सुंदर, गती मात्र जुनी. ज्या स्टुडिओनं 'रोव्हर'मधून जोडणीचा वेग दाखवला, त्याच्या मालकाला पुढे तोच वेग रुचेना, याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

आपण घडवलेलं आपल्याकडेच राहावं, हीही एक वृत्ती त्यांच्यात दिसते. स्ट्युअर्ट रोम हा त्यांचा लोकप्रिय नट. हे त्याचं पडद्यावरचं नाव, खरं नाव रायट. तो दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा हेपवर्थ कंपनीनं दावा केला की ते नाव आमचं आहे, त्यानं ते वापरू नये. १९२० मध्ये न्यायालयानं निकाल नटाच्या बाजूनं दिला. मनोरंजनाच्या कायद्यात आजही तो खटला सांगितला जातो.

१९१९ मध्ये 'हेपवर्थ पिक्चर प्लेज' ही मोठी कंपनी निघाली. स्टुडिओ वाढवायचे बेत झाले, लोकांकडून भागभांडवल उभं करायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. १९२३ मध्ये त्यांनी 'कमिन थ्रू द राय' हा आपला आवडता विषय अल्मा टेलरला घेऊन दुसऱ्यांदा काढला. तोही कंपनीला वाचवू शकला नाही. १९२४ मध्ये न्यायालयाचा रिसीव्हर आला.

रिसीव्हरचं काम देणेकऱ्यांचे पैसे वसूल करणं. त्यानं जागा, यंत्रं, दिवे यांची किंमत केली. आणि गोदामात होत्या पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह. मूकपट जुने झाले की त्यांना गिऱ्हाईक नसे. फिल्मच्या पट्टीतलं रसायन आणि तिच्यावरची चांदी यांना मात्र भाव होता. त्या सगळ्या निगेटिव्ह वितळवून टाकल्या. अंगणातल्या पहिल्या दिवसापासूनचं मूळ काम भंगाराच्या भावानं गेलं. तेव्हा हेपवर्थ पन्नास वर्षांचे होते.

मग आज आपण 'रोव्हर' पाहतो तो कुठून? 'ॲलिस' कुठून? मोटारीचा स्फोट कुठून? गोदामातून नाही. ते आले विकलेल्या प्रतींतून, कुठल्यातरी जत्रेतल्या खेळवाल्यानं माळ्यावर टाकलेल्या डब्यातून. 'ॲलिस'ची प्रत खराब झालेली होती. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ती दुरुस्त केली, काही भाग कायमचा गेलेलाच आहे. १९२० चा 'हेलन ऑफ फोर गेट्स' गेलाच असं सगळे धरून चालले होते. त्याची प्रत अनेक दशकांनी कॅनडातल्या एका संग्रहात सापडली. मोठे चित्रपट मात्र भाडेपद्धत आल्यानंतरचे. त्यांच्या प्रती कमी निघत आणि वापर झाला की मालकाकडे परत येत. म्हणून त्यातले बहुतेक गेले. आपल्याकडे 'विकेल ते पिकेल' म्हणतात. हेपवर्थ यांच्या बाबतीत विकलं ते टिकलं, आणि जपून कुलपात ठेवलं ते गेलं.

हेपवर्थ यांचं पुढचं आयुष्य कडवट झालं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ते नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीत दुसऱ्यांच्या चित्रपटांचे ट्रेलर बनवायचं काम करू लागले. वाचलेल्या फिल्मचे तुकडे घेऊन सिनेमाच्या जन्मकथेवर व्याख्यानं देत हिंडले, अगदी वडिलांसारखे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं इतिहास लिहायला समिती नेमली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. रेचल लो यांचा ब्रिटिश सिनेमाचा मोठा इतिहास त्यातूनच पुढे आला. १९५१ मध्ये आत्मचरित्र निघालं आणि ९ फेब्रुवारी १९५३ रोजी ते वारले. वॉल्टनच्या स्टुडिओची मुख्य इमारत साठच्या दशकात पाडली. तिथे आज हेपवर्थ वे नावाचा रस्ता आहे आणि त्यांच्या वीजघराच्या इमारतीत छोटं नाट्यगृह चालतं.

आपल्याकडे फाळके १९४४ मध्ये नाशिकला हलाखीत गेले. त्यांच्या चित्रपटांतलं जे थोडं उरलं, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर फाळके कुटुंबीयांपर्यंत पोचले म्हणून उरलं. ते संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, फाळक्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. 'आलम आरा'ची तर एकही प्रत आज नाही.

हे भाषण ऐकणारे तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, कुठे कुठे आहात. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी पन्नास-साठ वर्षांत नाटकं केली, गणेशोत्सव केले, कोणीतरी ते आठ मिलिमीटरवर, मग व्हिडिओ कॅसेटवर घेतलं. त्या कॅसेटी आज कोणाच्या तरी कपाटात बुरशी खात पडल्या असतील. त्या शोधा, डिजिटल करून घ्या. आणि केल्यावर एकाच हार्ड डिस्कवर ठेवून कपाट बंद करू नका. चार घरी द्या, दोन संस्थांना द्या. एक प्रत हरवते, वीस प्रती सहसा हरवत नाहीत. हेपवर्थ यांच्या कारकिर्दीतून घेण्यासारखा धडा हाच आहे.

आणि आज रात्री 'रेस्क्यूड बाय रोव्हर' शोधून बघा. सहा-सात मिनिटांचा आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो. घरात लहान मूल असेल, तर त्याला मांडीवर घेऊन बघा. एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही.